मानाचा कॅमेरा

शाहूपुरी, कोल्हापूर
९ जानेवारी २००६

ती. आक्कांना सौंदर्याचा नमस्कार.

तारीख ठरली. ७ मे, रविवार, आपल्या पेठ वडगावातच. सोमेशच्या घरच्यांना इचलकरंजीत करायचं होतं, पण आप्पांनी "पोरगी आमची हाय, मांडव आमच्याच दारात पडणार" म्हणून विषय मिटवला. तुमच्या भावाचा आवाज तुम्हाला माहीतच आहे. फोन नसता तरी इचलकरंजीला ऐकू गेला असता.

पत्राचं कारण वेगळं आहे. आत्याच्या मानाची साडी घ्यायची आहे आणि ती माझ्या पगारातून घेणार, असं मी घरात सांगून टाकलंय. लहानपणी माझ्या सगळ्या सुया तुम्हीच टोचल्यात, तेव्हा साडी मी आणायची हे बरोबरच आहे. इरकल आणू का? रंग कळवा, काठ केवढा पाहिजे ते कळवा. फोन केला असता, पण तुमच्या गावात फोन एकच, तोही जोतीरामच्या दुकानात, आणि तिथं एक जण बोलतो आणि दहा जण ऐकतात.

प्रेसमध्ये आता श्वास घ्यायला वेळ नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका जुळवते, माझी स्वतःची अजून मनातसुद्धा जुळलेली नाही.

आणि एक विचारायचं राहिलंच. तुमचं दिवाळीचं पत्र परवा परत वाचलं. अक्षर केवढं मोठं झालंय! आमच्या प्रेसच्या हिशेबात पूर्वी ते चौदा पॉइंटचं होतं, आता तीसच्या पुढं गेलंय. एका पानात पाच वाक्यं. तिकडं कागद स्वस्त झाला का?

तुमची
सौंदर्या


तांबेखिंड, व्हाया मलकापूर
२० जानेवारी २००६

चि. सौंदर्यास आशीर्वाद.

तारीख कळली. रजेचा अर्ज आजच देते.

साडी नको. साड्यांनी पेटी भरलेली आहे आणि वर्षातले तीनशे दिवस अंगावर नर्सची पांढरीच असते. मानाचंच द्यायचं असेल तर मला एक छोटा कॅमेरा दे.

हसून झालं असेल तर पुढं वाच. रीळ घालायचा नको. मागं पडदा असतो आणि काढलेला फोटो तिथल्या तिथं दिसतो, तसला पाहिजे. पोलिओच्या पाहणीला एक साहेब आले होते, त्यांच्याकडं होता. त्यांनी उपकेंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो काढला आणि बटण दाबून त्यातली एकेक ओळ मोठी करून मला दाखवली. ते मोठं करायचं बटण पाहिजेच. पडदा मिळेल तेवढा मोठा पाहिजे. खिशात मावला पाहिजे. आणि अगदी जवळच्या वस्तूचा फोटो स्वच्छ आला पाहिजे. दुकानात जाशील तेव्हा एक काड्यापेटी बरोबर ने. तिच्यावरची बारीक अक्षरं पडद्यावर वाचता आली तरच घे. फोटो कागदावर नाही आले तरी चालतील.

लग्नापर्यंत थांबू नकोस. महिन्याभरात मिळाला तर बरं.

अक्षराचं म्हणशील तर नवीन पेन जाड आहे.

आक्का


शाहूपुरी, कोल्हापूर
४ फेब्रुवारी २००६

ती. आक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र आप्पांना वाचून दाखवलं ही माझी चूक. आधी त्यांना वाटलं मी चुकीचं वाचतेय. मग म्हणाले, "कॅमेरा काय वटीत घालनार हाय व्हय? मानाचं म्हंजे साडी. भैनीला मी मांडवात कॅमेरा दिला तर पावणं काय म्हणतील?" मी म्हटलं, मांडवात कशाला, आधीच देऊन टाकू. त्यावर दुकानातल्या सगळ्या पेंडीच्या पोत्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "तुमास्नी काय करायचं ते करा!" म्हणजे परवानगी मिळाली.

मग काल काड्यापेटी घेऊन गेले. आमच्या प्रेसपासून चौथं दुकान बाळासो फोटोवाल्यांचं. त्यांनी काचेवर पाच कॅमेरे मांडले आणि म्हणाले, "कुणाचा फोटो काढून बघायचा ताई? माझाच काढा." मी पर्समधून काड्यापेटी काढून काचेवर ठेवली. ते माझ्याकडं बघायला लागले.

"लोकं बायकापोरांचं फोटो काढून बघत्यात. ही काड्यापेटी कुणाची कोन?"

मी म्हटलं, आत्यानं सांगितलंय. ते म्हणाले, "आत्या कारखान्यात हायत का?" तिथल्या दोन गिऱ्हाइकांनाही मग राहवेना. कोण म्हणालं आत्या किडे गोळा करत असणार, कोण म्हणालं औषधी झाडपाला. पाचही कॅमेऱ्यांनी त्या काड्यापेटीचे फोटो निघाले. फुलाचं चिन्ह असलेलं बटण दाबलं की जवळचं दिसतं, हे मला काल कळलं.

तीन बाद झाले. उरले दोन. एक जाडसर आहे, त्यात साधे पेन्सिल सेल बसतात, जोतीरामच्या दुकानातही मिळतील. पण पडदा टपालाच्या तिकिटाएवढा. दुसरा सडपातळ, चंदेरी, पडदा जवळजवळ काड्यापेटीएवढा. "कंपनीचं नाव, गाव, काड्यांची संख्या" सगळं खणखणीत वाचता आलं. पण त्याची बॅटरी चपटी, त्याची त्यालाच बसणारी, आणि ती लाइटवर चार्ज करावी लागते. बाळासो म्हणाले, "लाइट जाती तितं ह्यो घिऊ नका. बॅटरी संपली की ह्यो नुसता डबा हाय."

कुठला घेऊ? आणि आक्का, खरं सांगा, फोटो कशाचे काढणार? पाखरांचे का? रात्रंदिवस डोक्यात तेच आहे. सोमेशलाही विचारलं, त्याला वाटतं तुम्ही गुपचूप पुस्तक लिहिताय.

सौंदर्या


तांबेखिंड
१३ फेब्रुवारी २००६

चि. सौंदर्यास आशीर्वाद.

मोठ्या पडद्याचा घे. लाइटचं मी बघते.

पाखरांचेच समज. इथं पाखरं भरपूर आहेत. बाळासोंना आणि सोमेशला तसंच सांग.

आक्का


शाहूपुरी, कोल्हापूर
२५ फेब्रुवारी २००६

ती. आक्कांना नमस्कार.

गुंडूच्या टेम्पोतून डबा पाठवलाय. तो मलकापूरला आठवड्यातून तीन वेळा माल घेऊन जातो, तुमच्या फाट्यावर थांबायला तयार झाला. डब्यात कॅमेरा, चार्जर, एक कार्ड आणि मनगटात अडकवायची दोरी आहे. कार्ड म्हणजे रीळच, पण संपलं की पुसून परत वापरता येतं. तारीख आपोआप फोटोवर पडावी असं करून दिलंय.

सूचनांचं पुस्तक चौदा भाषांत तेच तेच सांगतं, पण त्यात मराठी नाही, म्हणून मी आपला मराठी कागद तयार करून प्रेसमध्ये छापून घेतला. चार बटणं लक्षात ठेवायची, बास.

बाळासोंनी बांधून देताना विचारलं, "आत्यांचं काय कळलं का?" मी म्हटलं पाखरं. ते म्हणाले, "पाखराला लांबचं दिसणारं लागतंय ताई. जवळचं बघायला पाखरू काय हातावर येऊन बसतंय?" मला हे आधी सुचायला पाहिजे होतं.

तेव्हा पुन्हा विचारते. कशाला?

सौंदर्या


तांबेखिंड
९ मार्च २००६

चि. सौंदर्यास आशीर्वाद.

मानाचं पोचलं. तुझ्या बापाला सांग, एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

तुझ्या कागदावरचं अक्षर थोडं मोठं चाललं असतं. पण बटणं शिकले. दोन दिवस लागले.

काल बयाबाई पाणी घेऊन आली होती, तिचा काढला. शेजारीच राहते, तीस वर्षांची ओळख. तोंडासमोर धरल्यावर पदर सारखा केला आणि हसली. ती गेल्यावर पडदा मोठा करून बघितला. कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके आहेत, मधला जरा खाली गेलेला. तो परत दिसला. बराच वेळ बघत बसले. चहा उतू गेला.

तांदळातले खडेही दिसतात.

कॅमेरा चांगला आहे. निवड तुझी आहे म्हणून सांगत नाही, खरंच चांगला आहे.

आक्का


शाहूपुरी, कोल्हापूर
१८ मार्च २००६

ती. आक्कांना नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. आवडलं, पण एका शब्दाला अडकले. मधला ठिपका "परत दिसला" म्हणजे? बयाबाई काय कुठं गावाला गेली होती? आणि तांदूळ निवडायला कॅमेरा कोण वापरतं?

पाखराचा एक तरी फोटो पाठवा बघू.

लग्नाचे कपडे झाले. आमची पत्रिका शेवटी मीच जुळवली, गणपतीशिवाय आणि फुलापानांशिवाय. आप्पा म्हणतात ही पत्रिका नाही, तलाठ्याची नोटीस आहे.

सौंदर्या


तांबेखिंड
२५ मार्च २००६

चि. सौंदर्यास आशीर्वाद.

कार्ड भरलं. पुसायचं बटण सापडत नाही. गुंडूबरोबर पाठवते आहे. सगळं पुसून लगेच परत पाठव. बुधवारच्या आत मिळालं पाहिजे. बघत बसू नकोस, त्यात बघण्यासारखं काही नाही.

आक्का


शाहूपुरी, कोल्हापूर
६ एप्रिल २००६

ती. आक्का,

कार्ड परत पाठवलं ते मिळालं असेल. तुम्ही बघू नको म्हणालात. मी बघितलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रेसमध्ये कोणी नव्हतं. पाखरं बघायची म्हणून डबा न उघडताच कॉम्प्युटरला कार्ड लावलं. दोनशे बारा फोटो. पहिला एस.टी.च्या पाटीचा. वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं. दुसराही पाटीचाच. मग कॅलेंडरचा एक चौकोन. घड्याळ. तेलाच्या पिशवीवरची किंमत. ताटातले तांदूळ. माणसांचे फोटो आहेत, पण बयाबाई सोडली तर सगळे लांबून काढलेले, दारात उभी असलेली माणसं, काही तर पाठमोरी. कोण आलंय हे बघण्यासाठी काढल्यासारखे.

त्यानंतर कागद. मोठ्या पडद्यावर तो कागद आल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला, कारण अक्षर माझं होतं. माझं अठरा तारखेचं पत्र. एकेका ओळीचा एकेक फोटो. शेवटच्या ओळीत "नोटीस" शब्दाचे दोन काढलेत, पहिला हलला होता.

मग बाटल्या. लसीच्या छोट्या काचेच्या बाटल्या. प्रत्येकीचे दोन, तीन, काहींचे पाच फोटो, लेबल वाचता येईपर्यंत. खाली कॅमेऱ्यानं छापलेल्या तारखा. १ मार्च, ८ मार्च, १५, २२. मी कॅलेंडर काढलं. सगळे बुधवार. तुमचा सुयांचा दिवस.

आक्का, तुम्हाला दिसत नाही.

किती दिवस झाले? कशानं झालं? डॉक्टरांना दाखवलंय का? गेल्या दोन वर्षांत दिवाळीला आला नाहीत, रजा मिळत नाही म्हणालात, ते एस.टी.ची पाटी वाचता येत नाही म्हणून का? मी मात्र तुमच्या अक्षराची चेष्टा करत बसले. मला माणसाच्या अक्षराचे पॉइंट कळतात आणि ते का वाढले हे कळत नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. तुमचं गुपित तुमचं. पण त्या बाटल्या दुसऱ्यांच्या पोरांसाठी आहेत. फोटो काढून, मोठा करून, वाचून मग देता, म्हणजे काळजी घेता, हे मला दिसतंय. पण एखाद्या बुधवारी फोटो हलला तर? तुम्ही मला लहानपणी सुई देताना बाटली डोळ्यासमोर धरून आधी नाव वाचायचात, मग तारीख, आणि तोवर मला रडायची परवानगी नव्हती. तेवढंच मला तुमचं आठवतं, आणि तेच आता तुम्हाला करता येत नाही.

तुमच्या मोठ्या डॉक्टरांना सांगा. तुम्ही सांगणार नसाल तर मी येऊन सांगेन. मला हे लिहिताना बरं वाटत नाही.

सौंदर्या


शाहूपुरी, कोल्हापूर
२० एप्रिल २००६

ती. आक्का,

दोन आठवडे झाले. उत्तर नाही. गुंडू सांगतो की उपकेंद्राला कुलूप आहे. जोतीरामच्या दुकानात फोन केला तर म्हणाले, "हायत की, पर बोलत न्हाईत." काय झालंय? रागावला असाल तर रागाचं पत्र पाठवा, पण पाठवा. आप्पांना अजून काही सांगितलेलं नाही. सोमवारपर्यंत वाट बघते आणि मग येते.

सौंदर्या


तांबेखिंड
२४ एप्रिल २००६

चि. सौंदर्यास आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते आहे आणि अनुजा लिहून घेते आहे. अनुजा म्हणजे बयाबाईची सून. बारावी झालेली आहे. काही गाळायचं नाही असं मी तिला बजावलंय.

तुझं मोठं पत्र अकरा तारखेला मंगळवारी आलं. दारात उजेडाला बसून एकेक ओळ काढली आणि वाचली. चार पानं होती. आदल्या दिवशीच्या वादळात तार तुटून गावाची लाइट गेली होती. "मी येऊन सांगेन" या ओळीपर्यंत पोचले तेव्हा कॅमेऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह लाल झालेलं होतं. मला तुझा राग आला. न विचारता बघितलंस म्हणून, आणि खरं बघितलंस म्हणून जास्त.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. साखर अकरा वर्षांपासून आहे. दोन वर्षांपूर्वी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या पडद्यावर रक्त उतरतंय, लेझर लगेच करा. तो कागद मी पेटीत साड्यांखाली ठेवला. नोकरी चार वर्षं राहिली होती. अनफिट लिहिलं की उपकेंद्राची खोली जाणार, मग उतारवयात भावाच्या दारात जाऊन बसायचं, असं कारण मी स्वतःला सांगत होते. दुसरंही एक आहे. या सहा वाड्यांत मला सगळे आक्का म्हणतात ते हातात सुई आहे म्हणून. सुई गेली की मी कोण, ते मला माहीत नव्हतं.

भिंग वापरून बघितलं होतं. पण भिंग काढलं की बायका विचारतात, आक्का, दिसंना काय? कॅमेरा काढला की कोणी काही विचारत नाही. पदर नीट करतात आणि हसतात. बाटल्यांचे फोटो वरून मागवलेत, असं मी सांगायची.

बुधवारी सकाळी कॅमेरा सुरूच झाला नाही. तेव्हाच परत पाठवायला पाहिजे होतं सगळ्यांना. पण अकरा बायका पोरं घेऊन डोंगर उतरून आल्या होत्या. म्हटलं, तीस वर्षांचा हात आहे.

पहिली हीच अनुजा होती, तिची दोन महिन्यांची पोर घेऊन. मी पेटीतून बाटली काढली, उजेडात धरली. मधोमध नेहमीचा काळा डाग. कडेनं बघितलं तर पहिलं अक्षर डी वाटलं, पोरांच्या डी.पी.टी.चं. ते पाहिजे होतं म्हणून वाटलं. सिरिंजचं पाकीट फोडलं.

अनुजा म्हणाली, "आक्का, ही तर माझी सुई न्हवं का? पोटूशी असताना दिल्याली? ह्याच्यावर टी.टी. लिवलंय."

तिची सासू तिच्यावर वसकली. "गप की गं! आक्कास्नी शिकवतीस व्हय?"

आणि अनुजा गप्प बसली. खाली बघितलं, आणि पोरीचा पाय माझ्याकडं केला.

सौंदर्या, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं आणि तरी पाय पुढं केला. मी आक्का होते म्हणून. माझा हात तिथंच थांबला. मी बाटली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "परत वाच. मोठ्यानं वाच. मला दिसत न्हाय."

 बयाबाई माझ्या तोंडाजवळ येऊन बघायला लागली, मी थट्टा करते आहे का म्हणून.

त्या दिवशी एकही सुई दिली नाही. पेटी बंद केली, गुंडूचा टेम्पो फाट्यावर थांबवला आणि मोठ्या दवाखान्यात जाऊन डॉक्टर अमरेश यांना सगळं सांगितलं. पोरसवदा माणूस आहे. ओरडले असते तर बरं झालं असतं. पेला भरून पाणी प्यायले आणि म्हणाले, "सिस्टर, कधीपासून?" मी म्हटलं, गणपतीपासून लेबल वाचता येत नाही. कॅमेरा येईपर्यंत झाकणाच्या रंगावर आणि पेटीतल्या जागेवर भागवलं. ते म्हणाले, "म्हणजे सहा महिन्यांतली सगळी पोरं."

तेव्हापासून उपकेंद्र बंद आहे. ते रोज पोरांची लसीकरणाची कार्डं तपासतायत. कॅमेऱ्यानंतरच्या बुधवारांचं काय, असं त्यांनी विचारलं. म्हणाले, ते फोटो असते तर कुठल्या दिवशी कुठली बाटली उघडली ते डोळ्यांनी बघता आलं असतं, तेवढ्या आयांची झोप उडवावी लागली नसती. आणि ते मीच तुला पुसायला सांगितले.

पुसलेस का?

आक्का

ता.क. मी अनुजा. मी पाय पुढं केला ते चुकलं असं मला वाटतं. आक्का म्हणतात हेही लिही.


शाहूपुरी, कोल्हापूर
२६ एप्रिल २००६

ती. आक्का,

नाही पुसले. कार्ड रिकामं करून पाठवलं, पण त्याआधी सगळे फोटो इथल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले होते. का ठेवले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. चारही बुधवारचे बाटल्यांचे फोटो बाळासोंकडून कागदावर काढून घेतले, तारखेप्रमाणे लावले आणि या पाकिटात घातलेत. मी पुन्हा पुन्हा बघितलं. लेबलं सगळी वाचता येतात. नंतरच्या २९ मार्च आणि ५ एप्रिलचे कॅमेऱ्यातच असतील, त्यांना हात लावू नका.

बाळासोंनी फोटो मोजताना या वेळी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "प्लास्टिकात घालून देऊ का, मळायचं न्हाईत."

पाठवलेलं माझं पत्र चार पानांचं होतं आणि अक्षर नेहमीसारखं बारीक होतं. त्यानंच बॅटरी संपवली. हे मला कळल्यापासून काय वाटतंय ते धड सांगता येत नाही. बॅटरी असती तर तुम्ही ती बाटली बरोबर वाचली असती आणि आजही कोणाला काही कळलं नसतं. मी सुटकेचा श्वास टाकू की घाबरू?

आप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं वडगाव दणाणणार. ते दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, गिऱ्हाइकं परत गेली. मग म्हणाले, "माज्या दारात यायचं तिला भ्या वाटतंय?" तेवढंच. उद्या सकाळच्या गाडीनं तिकडं निघालेत. तुम्हाला मिरजेला घेऊन जाणार आहेत. नाही म्हणू नका, त्यांनी दोन दिवसांचे कपडे घेतलेत आणि दुकानाला कुलूप लावलंय. अमावास्या सोडून ते कुलूप मी कधी बघितलेलं नाही.

सौंदर्या


तांबेखिंड
१६ जून २००६

चि. सौ. सौंदर्यास आशीर्वाद.

नव्या घरच्या पत्त्यावर पहिलं पत्र. हे मीच लिहिते आहे, त्यामुळं पानं जास्त लागतील. मांडवात तू कुठली आणि करवली कुठली हे मला हातातल्या चुड्यावरून ओळखावं लागलं, पण तुझा हात हातात आला तेव्हा चुकले नाही.

लेझर दोन वेळा झालं. गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं टिकेल असं म्हणतात. तुझा बाप दोन्ही वेळा बाहेर बाकावर बसून होता आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला माझं सगळं सांगत होता.

कॅमेऱ्यानंतरचे सगळे बुधवार बरोबर निघाले. डॉक्टरांनी तुझे फोटो फाइलला लावलेत. त्याच्या आधीच्या नऊ पोरांबद्दल त्यांना खात्री वाटली नाही, त्यांना डोस परत दिला. त्या नऊ घरी मी आधी स्वतः गेले आणि का ते सांगितलं. आठ घरांनी ऐकून घेतलं. एका घरानं दार लावून घेतलं. त्यांना तो हक्क आहे. मी उन्हात जरा वेळ उभी राहिले आणि परत आले.

लेखी ठपका आला. निवृत्तीपर्यंत सुईला हात लावायचा नाही. मला इथंच ठेवलंय, कारण नवीन आलेल्या सुष्मिताला घरं माहीत नाहीत. बावीस वर्षांची आहे, भरभर चालते. वाड्यावस्त्यांवर मी पुढं, ती मागं. उंबरे मला पायानं कळतात. हाक मी मारते, आवाजावरून कोण ते सांगते, आणि मग ती कार्ड उघडते.

परवा बुधवारी शाळेच्या व्हरांड्यात सेशन होतं. मी भिंतीकडंच्या बाकावर, पेटीपासून लांब बसले होते. बायका आल्या, बोलल्या, पण पेटीकडंच गेल्या. तसंच पाहिजे. सुष्मितानं बाटली उचलली, नाव वाचलं, तारीख वाचली.

अनुजाचा नंबर होता, दुसऱ्या डोसाचा. तिची पावलं पेटीकडं गेली आणि थांबली. मग माझ्या बाजूला आली. पोर तिनं माझ्या मांडीवर ठेवलं.

मी म्हटलं, "आगं, तिकडं, सिस्टरकडं."

"सिस्टर इकडं येतील की. धरा तुम्ही. तुमच्या हातात ती कमी रडती."

खोटं आहे. पोर भरपूर रडलं, सगळा व्हरांडा डोक्यावर घेतला. पाय माझ्या मुठीत होता, गरम, आणि एवढ्याशा अंगठ्यानं लाथा मारत होता. सुष्मिता म्हणाली, झालं, सोडा. मी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

तुझी
आक्का